अब्दुर्रहमान : हे नाव समजून कसे घ्यावे, कसे लिहावे आणि हाक कशी मारावी

अब्दुर्रहमान हे नाव महाराष्ट्राला परके नाही. कोकणातल्या खाडीकाठच्या गावांत, मिरजेत, सोलापुरात, मालेगावात आणि मराठवाड्यात शाळेच्या हजेरीपटापासून लग्नपत्रिकेपर्यंत ते सतत भेटते. १९८० साली राज्याच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ घेणारे बॅरिस्टर अंतुले हेही अब्दुल रहमानच होते. तरीही या नावाची मोडतोड फार होते. कोणी 'अब्दुल' एवढीच हाक मारतो, कोणी 'रहमान' एवढेच लिहितो आणि अर्जाच्या रकान्यांत तर एकाच माणसाच्या नावातून मुलगा आणि वडील असे दोघे तयार होतात. यामागे दुष्ट हेतू असतोच असे नाही. बहुतेक वेळा नावाची घडण ठाऊक नसते. ती एकदा ध्यानात आली की अब्दुल करीम, अब्दुस्सलाम, अब्दुर्रशीद अशी या घडणीची सारी नावे बिनचूक वाचता, लिहिता आणि उच्चारता येतात. बाळासाठी हे नाव योजणारे आईवडील, वर्गात हजेरी घेणारे शिक्षक, अर्ज भरून घेणारे कर्मचारी आणि मुद्रितशोधक या सर्वांना उपयोगी पडावे म्हणून हा मजकूर लिहिला आहे.

आधी नावाची घडण पाहावी

या नावात दोन शब्द आणि त्यांना सांधणारा एक उपपद असा ऐवज आहे. पहिला शब्द 'अब्द', म्हणजे दास, सेवक, बंदा. उपासना या अर्थाचा 'इबादत' हा शब्द याच धातूतून आलेला असल्यामुळे 'अब्द' म्हणजे केवळ चाकरी करणारा नव्हे, तर ज्याची उपासना करतो त्याचाच होऊन राहिलेला माणूस. दुसरा शब्द 'रहमान', म्हणजे ज्याच्या दयेला सीमा नाही असा. हे अल्लाहचे नाव आहे. मध्ये येणारे 'अल' हे अरबीतले निश्चितार्थी उपपद. सगळे मिळून अर्थ होतो, 'त्या परमदयाळूचा दास'.

मराठी वाचकाला ही रचना ओळखीची वाटावी, कारण 'रामदास' हे नाव अगदी याच जातीचे आहे. फरक क्रमाचा आहे. आपण देवाचे नाव आधी आणि 'दास' नंतर ठेवतो; अरबीत 'दास' आधी येतो आणि ज्याचा दास त्याचे नाव नंतर. त्यामुळे 'अब्दुल' एवढेच म्हणून थांबणे म्हणजे 'अमुक एकाचा दास' असे म्हणता म्हणता तो 'अमुक' कोण हे न सांगताच थांबणे होय. 'अब्दुल' हे स्वतंत्र नाव नाही. ते 'अब्दु' आणि 'अल' यांचे अर्धे राहिलेले रूप आहे. संपूर्ण लेखातून वाचकाने एकच गोष्ट लक्षात ठेवायची ठरवली, तर ती ही ठेवावी : 'अब्द'ने सुरू होणारे नाव दोन शब्दांत लिहिलेले दिसले तरी ते एकच नाव असते.

'अब्दुल' केव्हा आणि 'अब्दुर्' केव्हा

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण लेखनातला बहुतेक गोंधळ याच ठिकाणी होतो. अरबी वर्णमालेत २८ अक्षरे आहेत. त्यांपैकी १४ अक्षरांना सूर्याक्षरे आणि उरलेल्या १४ अक्षरांना चंद्राक्षरे म्हणतात. पुढचा शब्द चंद्राक्षराने सुरू होत असेल, तर 'अल'मधला ल जसाच्या तसा उच्चारला जातो. सूर्याक्षराने सुरू होत असेल, तर तो ल पुढच्या अक्षरात विरून जातो आणि ते अक्षर दुप्पट होते. अरबी लिपीत ल लिहिलेला राहतो, फक्त उच्चारात नाहीसा होतो. म्हणून लिहिताना ऐन, बे, दाल आणि त्यापुढे अलिफ, लाम, रे, हे, मीम, नून अशी अक्षरे येतात, पण वाचताना 'अब्दुर्रहमान' असे ऐकू येते. लिपीकडे पाहून अक्षर न् अक्षर लिप्यंतर करणारा 'अब्दुल रहमान' लिहितो आणि कानाने ऐकून लिहिणारा 'अब्दुर्रहमान' लिहितो.

सूर्याक्षरे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. ज्या अक्षराच्या उच्चारात जिभेचे टोक किंवा तिचा पुढचा भाग दातांशी अथवा हिरड्यांशी काम करतो, ते सहसा सूर्याक्षर असते. त, द, न, र, ल, स, श आणि ज़ हे उच्चार या गटात येतात. म्हणून अब्दुर्रहीम, अब्दुर्रशीद, अब्दुर्रज्जाक, अब्दुस्सलाम, अब्दुस्समद, अब्दुश्शकूर अशी रूपे होतात. ओठांतून किंवा घशातून निघणारे आणि जिभेच्या मागच्या भागाने होणारे उच्चार चंद्राक्षरांचे असतात. म्हणून अब्दुल करीम, अब्दुल कादिर, अब्दुल मजीद, अब्दुल वहाब, अब्दुल हमीद, अब्दुल अज़ीज़, अब्दुल गफूर या नावांत ल ठळकपणे ऐकू येतो. अब्दुल्लतीफमध्ये पुढचे अक्षरच ल असल्यामुळे तेथे दुहेरी ल येतो.

मराठी लिहिणाऱ्याला फसवणारे अक्षर म्हणजे ज. मराठीत आपण ज हे एकच अक्षर दोन तऱ्हांनी उच्चारतो, अरबीत मात्र त्या जागी वेगवेगळी अक्षरे आहेत. 'जीम' हे चंद्राक्षर असल्यामुळे अब्दुल जब्बार आणि अब्दुल जलील हीच रूपे शुद्ध ठरतात. ज़ सारखा उच्चार असलेली अक्षरे मात्र सूर्याक्षरे असल्यामुळे 'अज़्-ज़ाहिर' या नावापासून अब्दुज़्ज़ाहिर होते. शंका आली तर नावाचे अरबी किंवा उर्दू लेखन पाहावे, किंवा घरातल्या जाणत्या माणसाला नाव सावकाश उच्चारायला सांगावे.

देवनागरीचे येथे मोठेच साहाय्य होते. रोमन लिपीत या नावाची डझनभर रूपे सापडतात, पण आपल्या जोडाक्षरांमुळे 'र्र', 'स्स', 'श्श' असा दुहेरी उच्चार सहज आणि नेमका लिहिता येतो. मराठी मजकुरात लेखकाच्या हाती निवड असेल तेव्हा 'अब्दुर्रहमान' असे सलग लिहिणे मला सर्वांत योग्य वाटते. त्यामुळे नाव तुटण्याची शक्यताच उरत नाही. बोलण्यात 'रेहमान' असा उच्चार सर्रास ऐकू येतो, पण लिहिताना 'रहमान' हेच रूप ठेवावे.

याच सुमारास आणखी एक चूक टाळायला शिकावे. 'अबुल' आणि 'अब्दुल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'अबू' म्हणजे पिता किंवा एखाद्या गुणाचा धनी. अबुल फज़ल आणि अबुल कलाम ही 'अबू'पासून झालेली नावे आहेत. १९४२ साली अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात ठेवलेले मौलाना आझाद हे अबुल कलाम, तर राष्ट्रपतिपद भूषवलेले शास्त्रज्ञ कलाम हे अब्दुल कलाम. एका 'द'ने माणूस बदलतो, हे मुद्रितशोधकांनी विशेष ध्यानात ठेवावे.

इस्लाममध्ये या नावाला एवढे महत्त्व का

सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात (हदीस म्हणजे प्रेषितांच्या वचनांची आणि आचरणाची नोंद) प्रेषित मुहम्मद (स.) यांचे एक वचन नोंदलेले आहे. त्याचा आशय असा की अल्लाहला सर्वाधिक प्रिय असलेली नावे म्हणजे अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान. नाव ठेवताना मुस्लिम घरांत याच वचनाचा आधार पहिल्यांदा दिला जातो. अल्लाहची अनेक सुंदर नावे असताना ही दोनच का, याचे उत्तर कुरआनात शोधता येते. सतराव्या सूरहच्या (अध्यायाच्या) ११०व्या आयतीत (वचनात) म्हटले आहे की तुम्ही अल्लाह म्हणून हाक मारा किंवा रहमान म्हणून हाक मारा, कोणत्याही नावाने पुकारले तरी सर्व उत्तम नावे त्याचीच आहेत. म्हणजे 'रहमान' हे नाव तेथे 'अल्लाह' या नावाच्या शेजारी, त्याच तोलाने येते. 'बिस्मिल्लाह'मध्येही अल्लाहच्या पाठोपाठ लगेच 'रहमान' येते, आणि कुरआनातील ५५व्या सूरहचे तर नावच 'अर-रहमान' आहे.

'रहमानचे दास' कसे असतात याचे वर्णनही कुरआनात आले आहे. पंचविसाव्या सूरहच्या ६३व्या आयतीत सांगितले आहे की रहमानचे दास पृथ्वीवर नम्रपणे चालतात आणि अडाणी लोक त्यांच्याशी बोलू लागले की 'सलाम' म्हणतात. मुलाचे नाव अब्दुर्रहमान ठेवणाऱ्या आईवडिलांनी ही आयत त्याला समजत्या वयात अवश्य वाचून दाखवावी, कारण त्याच्या नावाचे त्याहून जवळचे स्पष्टीकरण दुसरे नाही.

'रहमान'चा धातू र, ह, म हा आहे. गर्भाशयासाठी आणि त्यातून निर्माण होणाऱ्या रक्ताच्या नात्यांसाठी असलेला 'रहिम' हा अरबी शब्द त्याच धातूचा आहे. एका हदीसमध्ये अल्लाह म्हणतो की मी रहमान आहे, मी रहिम निर्माण केले आणि माझ्या नावातून त्याला नाव दिले. जो ते नाते जोडून ठेवील त्याला मी जोडून ठेवीन. ही हदीस ज्यांच्याकडून पुढे आली, ते प्रेषितांचे सहाबी (सहकारी) म्हणजे अब्दुर्रहमान बिन औफ ('बिन' म्हणजे मुलगा). त्यांची ओळख थोडी सविस्तर करून घ्यावी, कारण या नावाचा सर्वांत मोठा मानकरी तेच आहेत.

इस्लामपूर्व अरबस्तानातही 'अब्द'ची नावे होती, पण ती अब्द शम्स, अब्दुल उज़्ज़ा अशी सूर्याच्या किंवा मूर्तींच्या नावे होती. बिन औफ यांचे जुने नाव अब्द अम्र असे होते आणि इस्लाम स्वीकारल्यावर ते अब्दुर्रहमान झाले. मक्केतल्या जुन्या मंडळींना हे नाव रुचले नाही. बुखारींच्या हदीससंग्रहात खुद्द बिन औफ यांच्या तोंडचा एक प्रसंग आहे. मक्केतला आपला माल उमय्या बिन खलफने सांभाळावा आणि मदिनेतला त्याचा माल आपण सांभाळावा, असा लेखी करार दोघे करत होते. करारात 'अब्दुर्रहमान' हे नाव येताच उमय्याने हरकत घेतली, मी कोणा रहमानला ओळखत नाही, तुझे पूर्वीचे नाव लिही, असे सांगितले, आणि शेवटी करारावर 'अब्द अम्र' लिहावे लागले. पुढे इ.स. ६२८मध्ये हुदैबियाच्या तहाच्या वेळी मक्केतल्या कुरैश टोळीचा प्रतिनिधी सुहैल बिन अम्र यानेही मसुद्यातल्या 'रहमान' शब्दाला अशीच हरकत घेतली होती. आज आपल्याला नित्याचे वाटणारे हे नाव त्या काळी श्रद्धेची उघड घोषणा होती, हे या प्रसंगांवरून कळते.

मदिनेत आल्यावर प्रेषितांनी बिन औफ यांचा साद बिन रबी यांच्याशी बंधुभाव जोडून दिला. साद यांनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. रिकाम्या हाताने आलेल्या बिन औफ यांनी त्यांना बरकतीची दुआ दिली आणि मला फक्त बाजाराची वाट दाखवा, असे म्हटले. कैनुकाच्या बाजारात सुकवलेले चीज आणि तूप विकून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे ते मदिनेच्या मोठ्या धनवंतांपैकी एक झाले. त्यांच्या लग्नाची वार्ता कळल्यावर प्रेषितांनी 'एक बकरी का होईना, पण वलीमा (लग्नाची मेजवानी) कर' असे सांगितले, आणि वलीम्याच्या जेवणाबद्दल बोलताना आजही हेच वचन सांगितले जाते. ज्या दहा सहाबींना हयातीतच स्वर्गाची शुभवार्ता मिळाली त्यांत त्यांची गणना होते. दुसरे खलीफा उमर यांनी उत्तराधिकारी निवडण्यासाठी नेमलेल्या सहा जणांच्या मंडळात ते होते. त्यांनी स्वतःची उमेदवारी सोडून मदिनेतल्या लोकांचा कौल घेतला आणि इ.स. ६४४मध्ये उस्मान यांची निवड झाली.

बाळासाठी हे नाव ठेवायचे असेल तर

नाव जन्माच्या दिवशीही ठेवता येते आणि सातव्या दिवशी अकीक्याबरोबरही (बाळाच्या जन्मानिमित्तच्या कुर्बानीबरोबरही) ठेवता येते. प्रेषितांनी आपल्या मुलाचे इब्राहीम हे नाव जन्मले त्याच रात्री ठेवल्याचे हदीसमध्ये आहे, त्यामुळे सातव्या दिवसापर्यंत थांबलेच पाहिजे असे नाही. 'अब्द'च्या पुढे येणारे नाव अल्लाहचेच आहे याची खात्री आधी करून घ्यावी. अल्लाहची ९९ नावे असल्याची हदीस प्रसिद्ध आहे. घराघरांत टांगलेल्या तक्त्यांतली यादी मात्र नंतरच्या रिवायतींवर (कथनांवर) आधारलेली आहे आणि तिच्यातल्या काही नावांबद्दल विद्वानांत चर्चा आहे. म्हणून एखादे अपरिचित नाव आवडले तर आलिमांना (धर्मपंडितांना) विचारून घेणे चांगले. अब्दुर्रहमानच्या बाबतीत असा प्रश्न उद्भवतच नाही.

'अब्दुन्नबी', 'अब्दुर्रसूल' अशी नावे भारतीय उपखंडात पूर्वीपासून आढळतात. अकबराच्या दरबारातले सद्र (धार्मिक बाबींचे प्रमुख अधिकारी) शेख अब्दुन्नबी हे इतिहासाला ठाऊक आहेत. ठेवणाऱ्यांच्या मनात 'प्रेषितांचा सेवक' एवढाच भाव असतो, परंतु 'अब्द' हा शब्द अल्लाहखेरीज कोणाशी जोडू नये, असे बहुसंख्य विद्वान मानतात. तो भाव व्यक्त करायचा असेल तर 'गुलाम रसूल'सारखे नाव आपल्याकडे रूढ आहेच. मुलीसाठी याच अर्थाचे नाव हवे असेल तर 'अमतुर्रहमान' किंवा 'अमतुल्लाह' ठेवता येते. 'अमत' म्हणजे दासी. अमतुल करीम, अमतुल हफीज़ अशी नावे उर्दूभाषक घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहेत आणि ती पुन्हा ठेवली जावीत असे मला मनापासून वाटते.

नाव ठरले की जन्मनोंदणीच्या वेळीच त्याचे रोमन लेखनही कायमचे ठरवून टाकावे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. नोंदीत बाळाचे नाव नसेल, तर ते नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येते. घाईघाईत चुकीचे लेखन देण्यापेक्षा चार दिवस विचार करून एकच रूप निश्चित करणे केव्हाही हिताचे. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, पॅन आणि पारपत्र यांवर एकाच मुलाचे नाव एकीकडे एल अक्षराने, दुसरीकडे आर अक्षराने आणि तिसरीकडे सलग लिहिलेले असले, की पुढे प्रत्येक ठिकाणी प्रतिज्ञापत्र करत बसावे लागते.

अर्जाचा रकाना कसा भरावा

महाराष्ट्रातल्या बऱ्याच अर्जांत 'स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव' असे तीन रकाने असतात. समजा, मुलाचे नाव अब्दुल रहमान, वडिलांचे यूसुफ आणि आडनाव मुल्ला आहे. नाव दोन शब्दांत सांगितले गेले, की घाईत असलेला माणूस पहिल्या रकान्यात 'अब्दुल', दुसऱ्यात 'रहमान' आणि तिसऱ्यात 'यूसुफ मुल्ला' लिहून मोकळा होतो. कागदोपत्री मुलाचे नाव अब्दुल, वडिलांचे रहमान आणि आडनाव यूसुफ मुल्ला असे ठरते. दहावीच्या प्रमाणपत्रावर हे उमटले, की ते दुरुस्त करण्यासाठी शाळा, मंडळ आणि राजपत्र अशा फेऱ्या सुरू होतात. उपाय साधा आहे : पहिल्या रकान्यात 'अब्दुल रहमान' किंवा 'अब्दुर्रहमान' असे संपूर्ण नाव लिहावे, दुसऱ्यात 'यूसुफ' आणि तिसऱ्यात 'मुल्ला'. अर्ज भरून घेणाऱ्याने 'अब्दुल' शब्द ऐकला, की पुढचा शब्द त्याच रकान्यात जाईल असे गृहीतच धरावे.

आद्याक्षरांचेही असेच आहे. मराठी रीतीने पाहिले तर 'ए. आर. अंतुले' यातला आर वडिलांच्या नावाचा वाटतो. प्रत्यक्षात ए आणि आर ही दोन्ही अक्षरे अब्दुल रहमान या त्यांच्या एकाच नावाची आहेत. म्हणून आद्याक्षरांवरून पूर्ण नाव तयार करताना अंदाज बांधू नये.

पारपत्राच्या बाबतीत थोडी अधिक काळजी घ्यावी, विशेषतः आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्या कोकणातल्या कुटुंबांनी. नाव सलग एका शब्दात लिहिले आणि आडनावाचा रकाना रिकामा राहिला, तर पारपत्रावर एकशब्दी नाव येते. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२मध्ये अशा एकशब्दी नावाच्या प्रवाशांना पर्यटन आणि भेटीच्या व्हिसावर प्रवेश न देण्याचा नियम जाहीर केल्यावर अनेकांची अडचण झाली होती. सलग लेखन उत्तमच, पण त्याच्या जोडीला आडनावाचा रकाना भरलेला असू द्यावा.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. कोणाच्याही कागदपत्रांवर जे रूप आधीपासून आहे, ते आपल्या व्याकरणाच्या ज्ञानाने परस्पर 'सुधारू' नये. ज्याचे नाव आहे तो जसे लिहितो तसेच ते शुद्ध.

हाक कशी मारावी

शक्य असेल तेव्हा पूर्ण नावाने हाक मारावी. अब्दुर्रहमान हे सहा अक्षरांचे नाव आहे, 'पुरुषोत्तम'पेक्षा फार लांब नाही. वडीलधाऱ्यांना अब्दुर्रहमानभाई, अब्दुर्रहमानचाचा किंवा अब्दुर्रहमानसाहेब असे म्हणावे. केवळ 'रहमान' म्हणणे अनेक धार्मिक घरांत खटकते, कारण 'रहमान' हे विशेषण माणसाला लावले जात नाही, ते अल्लाहसाठीच राखलेले आहे. 'रहीम'चे तसे नाही. कुरआनाने नवव्या सूरहच्या अखेरीस प्रेषितांनाच 'रऊफ' आणि 'रहीम' म्हटलेले आहे. म्हणून अब्दुर्रहीमला 'रहीम', अब्दुल करीमला 'करीम' किंवा अब्दुर्रशीदला 'रशीद' म्हटलेले चालते, तर रहमान, खालिक, रज्जाक, कुद्दूस, समद ही नावे 'अब्द'शिवाय घेऊ नयेत असे विद्वान सांगतात. अकबराच्या दरबारातले सेनापती आणि हिंदी दोह्यांचे कवी मिर्झा अब्दुर्रहीम खानखाना (१५५६–१६२७) यांनी आपल्या दोह्यांत 'रहीम' हीच नाममुद्रा वापरली, ती या दृष्टीने अगदी निर्दोष आहे.

गल्लीत आणि मैदानावर रज्जाक, समद, रहमान अशा हाका सर्रास ऐकू येतात, हे खरे. काही कुटुंबांत 'रहमान' हेच आडनाव म्हणून रूढ झाले आहे. ज्यांनी स्वतः ते स्वीकारले आहे त्यांना त्याच नावाने संबोधणे हीच सभ्यता. परंतु नव्याने ओळख होत असेल तर 'आपल्याला काय म्हणू?' असे सरळ विचारावे. घरात लाडाने 'अब्दू' म्हणतात, त्यावर कोणाचा आक्षेप नसतो. इंडोनेशियाचे १९९९ ते २००१ या काळातले राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांना तर सारा देश 'गुस दुर' म्हणत असे. त्यातला 'दुर' हा अब्दुर्रहमानमधलाच तुकडा आहे.

इतिहासातले अब्दुर्रहमान कसे ओळखावेत

या नावाचे अनेक थोर पुरुष आपल्याला दुसऱ्याच नावाने माहीत असतात, कारण अरबी परंपरेत माणसाचे पूर्ण नाव अनेक पदरी असते. त्यात मुलाच्या नावावरून येणारी कुन्यत असते, मग स्वतःचे नाव, नंतर 'इब्न' लावून बापआजांची नावे आणि शेवटी गाव किंवा कुळ सांगणारी निस्बत. 'अबू ज़ैद अब्दुर्रहमान इब्न मुहम्मद इब्न खल्दून अल-हद्रमी' हे लांबलचक नाव असे सोडवले, की ट्यूनिसमध्ये १३३२ साली जन्मलेले आणि समाजाच्या उदयास्ताची कारणे शोधणारे इतिहासकार इब्न खल्दून यांचे स्वतःचे नाव अब्दुर्रहमान होते हे कळते. 'खल्दून' हे त्यांच्या पूर्वजाचे नाव आणि 'हद्रमी' म्हणजे मूळचे येमेनमधल्या हद्रमौतचे. हेरातचे फारसी कवी जामी (१४१४–१४९२) हेही नूरुद्दीन अब्दुर्रहमान, आणि कैरोचे बहुप्रसवा विद्वान सुयूती (१४४५–१५०५) यांचेही नाव अब्दुर्रहमानच. इस्फहानचे खगोलज्ञ अब्दुर्रहमान अस-सूफी (९०३–९८६) यांनी सुमारे ९६४ साली लिहिलेल्या ताऱ्यांवरच्या ग्रंथात देवयानी तारकासमूहातल्या एका अंधुक ढगाची नोंद केली. आज आपण ज्याला देवयानी दीर्घिका म्हणतो, तिची ही सर्वांत जुनी ज्ञात नोंद.

स्पेनच्या इतिहासात हे नाव राजांचे आहे. इ.स. ७५०मध्ये दमास्कसची उमय्या सत्ता उलथली आणि अब्बासींनी राजघराण्याची कत्तल सुरू केली, तेव्हा विशीच्या आसपासचा एक राजपुत्र पाठलाग चुकवत फुरात (युफ्रेटिस) नदी पोहून गेला. बरोबरचा धाकटा भाऊ अर्ध्यातून मागे फिरला आणि मारला गेला. उत्तर आफ्रिकेतून मजल दरमजल करत हा अब्दुर्रहमान अंदालुसात (मुस्लिम स्पेनमध्ये) उतरला, ७५६ साली त्याने कुर्तुबा (आजचे कोर्दोबा) घेतले आणि तेथल्या प्रसिद्ध मशिदीचे काम त्याच्याच कारकिर्दीत सुरू झाले. त्याच घराण्यातल्या तिसऱ्या अब्दुर्रहमानने ९२९ साली स्वतःला खलीफा घोषित केले. स्पॅनिश ग्रंथांत हे नाव 'अब्देर्रामान' असे दिसते. तुर्कीत ते 'अब्दुर्रहमान' असे सलग लिहिले जाते, इजिप्तमध्ये 'अब्देल रहमान' होते आणि मलेशियाचे पहिले पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांनी ल कायम ठेवला. मूळ नाव सर्वत्र एकच आहे.

सूची, कोश किंवा ग्रंथालयातली नोंद करताना ही सर्व नावे 'अ' अक्षराखाली 'अब्द'पासून लावावीत, 'र'खाली 'रहमान, अब्दुल' अशी उलटवून लावू नयेत. एखादी व्यक्ती इब्न खल्दून किंवा जामी अशा नावानेच विख्यात असेल, तर मुख्य नोंद त्या नावाखाली ठेवून 'अब्दुर्रहमान'खाली 'पाहा' अशी जोडनोंद द्यावी. मुजीबुर रहमान, हबीबुर रहमान यांसारखी नावे समोर आली, तर तीही याच नियमाने हाताळावीत. तेथे 'अब्द'च्या जागी दुसरा शब्द आहे, घडण मात्र तीच आहे, त्यामुळे 'मुजीबुर' किंवा 'हबीबुर' एवढेच लिहून पुढचा शब्द आडनाव म्हणून वेगळा काढता येत नाही.